पेटीवाल्या दादासोबत केजन मुलखात

गुरुवार : ह्यूस्टन ते लाफायेत

ह्यूस्टनहून लुइझियानातल्या लाफायेतला जायला इंटरस्टेट १० हा सरळ रस्ता. साधारण साडेतीनशे किलोमीटर. वाटेत चहाला थांबलं तरी चार तासांत माणूस पोचतो. ऑक्टोबरच्या मध्यात तिथल्या गिरार्ड पार्कमध्ये केजन आणि क्रिओल संगीताचा मोठा उत्सव भरतो. केजन म्हणजे अठराव्या शतकात कॅनडातून हुसकलेल्या फ्रेंच अकेडियन लोकांचे वंशज, आणि क्रिओल म्हणजे इथले फ्रेंच बोलणारे काळे लोक. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो तो रविवारी संपतो, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. यंदा दादा कुडाळहून माझ्याकडे राहायला आला होता. तो वाडीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, दशावतारी नाटकालाही साथीला बसतो. अमेरिकेत त्याला काय दाखवायचं याचा मला फार विचार करावा लागला नाही.

मला या संगीताची ओढ लागली ती लॉस्ट बायू रॅम्ब्लर्स या बँडमुळे. लुई आणि आंद्रे मिशो या भावांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. लुई फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवतो आणि गातो. आंद्रे अ‍ॅकॉर्डियन वाजवतो, शिवाय मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार. वडील आणि काका यांचा ‘ले फ्रेर मिशो’ नावाचा जुन्या वळणाचा बँड घरातच होता, त्यात ही मुलं तयार झाली. पुढे त्यांनी त्याच चालींना पंक रॉकचा जोर दिला, फिडलचा आवाज तो बदलणाऱ्या विजेच्या पेडलमधून फिरवला, खाली इलेक्ट्रॉनिक ठोके आणि सलग गुणगुणणारे सूर घातले. गाणी मात्र लुइझियानाच्या फ्रेंचमध्येच ठेवली. २०१७ च्या त्यांच्या ‘कलेंडा’ या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. कलेंडा हा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा नाच. वसाहतीच्या काळात मालक लोकांना तो खुपायचा, ठिकठिकाणी त्यावर बंदी आली होती.

घरी हा अल्बम लावला तेव्हा दादाने शेवटपर्यंत ऐकला आणि मग म्हणाला, “आवडलं. पण ह्यात जुनं खयचा आणि नवीन खयचा, ता माका कसा कळतला?” प्रश्न रास्त होता. त्यामुळे बेत असा ठरला की आधी जुनं जिथे वाजतं तिथे जायचं आणि मग मिशो बंधूंना ऐकायचं.

टेक्सासची हद्द ओलांडली की लेक चार्ल्सचे तेलशुद्धीकरण कारखाने लागतात. कॅल्कॅश्यू नदीवरच्या १९५२ च्या उंच पुलाच्या कठड्याला लोखंडी पिस्तुलांच्या जोड्या बसवलेल्या आहेत, जाँ लाफीत या समुद्री चाच्याची आठवण म्हणून. त्यापुढे क्राउलीपर्यंत भातशेती. इथे पहिलं पीक कापल्यावर त्याच खुंटांना फुटवे येऊ देऊन दुसरं पीक घेतात आणि हिवाळ्यात त्याच खाचरांत पाणी भरून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडासारखा छोटा प्राणी, वाढवतात. दादाने गाडी थांबवायला लावली. बांधावर उतरून त्याने लोंबी हातात घेतली, दाणा दातांखाली फोडून पाहिला. हे संगीत याच खाचरांत राबणाऱ्यांनी वाजवलं, शनिवारी रात्री, आठवड्याची कामं उरकून. ती खाचरं आधी पायांखाली आली हे बरंच झालं.

शुक्रवार : सेंट मार्टिनव्हिल, मग उत्सवाची सुरुवात

सकाळी सेंट मार्टिनव्हिलला गेलो. बायू टेश या संथ प्रवाहाच्या काठी इव्हँजेलिनचा ओक म्हणून एक जुना वृक्ष आहे. अमेरिकन कवी लाँगफेलोने १८४७ मध्ये लिहिलेल्या काव्यातली नायिका इथे आपल्या प्रियकराची वाट पाहत बसली, असं सांगतात. पर्यटक तिथेच फोटो काढतात. झाड देखणं आहे, पण नायिका कवीने रचलेली. खरी माणसं शेजारच्या अकेडियन मेमोरियलमध्ये भेटतात. तिथल्या भिंतीवर लुइझियानात येऊन पोचलेल्या निर्वासितांची नावं कोरलेली आहेत आणि समोर रॉबर्ट डॅफर्ड यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे.

१७५५ मध्ये इंग्रजांनी अकेडियातल्या, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या, फ्रेंच शेतकऱ्यांना गावांतून हुसकून जहाजांवर चढवलं. राजाशी निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला ते तयार नव्हते, हे कारण. कुटुंबं फुटली, हजारो माणसं वाटेत आणि छावण्यांत मेली. १७६५ मध्ये जोसेफ ब्रूसार हा लढवय्या सुमारे २०० जणांना घेऊन लुइझियानात आला आणि त्याच वर्षी वारला. त्याला ‘बोसोलेय’ म्हणत. मायकल डूसे यांनी १९७५ मध्ये काढलेल्या बँडचं नाव तेच. त्या बँडबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण तो नसता तर मिशो बंधूंना इतकी मोकळी वाट मिळाली असती असं मला वाटत नाही.

भिंतीसमोर दादा बराच वेळ उभा होता. नावं वाचत होता. ब्रूसार, लँड्री, थिबोदो, डूसे, ब्रो. यातली कितीतरी आडनावं आजही इथल्या दुकानांच्या पाट्यांवर आणि बँडांच्या नावांत दिसतात.

दुपारी लाफायेतच्या अकेडियन कल्चरल सेंटरमध्ये थोडा वेळ काढला. माझ्या मनात राहिली ती शाळांची हकिकत. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. घरी फक्त फ्रेंच बोलणारी मुलं शाळेच्या आवारात फ्रेंच बोलली म्हणून मार खात, नाहीतर ‘मी फ्रेंच बोलणार नाही’ ही ओळ पुन्हा पुन्हा लिहीत. त्या पिढीने आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणं सोडलं. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच जपण्यासाठी कोडोफिल ही संस्था काढली, तोवर दोन पिढ्या हातच्या गेल्या होत्या. घरात थांबलेली भाषा गाण्यांत चालू राहिली. आजचा एखादा बँड गिटार कितीही कर्कश करो, तो फ्रेंचमध्ये गातो तेव्हा त्यामागे हे सगळं उभं असतं.

संध्याकाळी उत्सवाचं उद्घाटन. इथे फीत कापत नाहीत, बुदँ कापतात. बुदँ म्हणजे भात आणि डुकराचं मटण भरलेलं सॉसेज. पेट्रोल पंपावरही गरम मिळतं. दादाने ते नको म्हटलं, तळलेला कॅटफिश मागवला आणि मासा ताजा आहे असं प्रमाणपत्र दिलं.

या उत्सवाचा जन्म मात्र पार्कात झाला नाही. २६ मार्च १९७४ रोजी लाफायेतच्या ब्लॅकहॅम कॉलिझियममध्ये केजन संगीताला मानवंदना म्हणून एक मोठी मैफल झाली. आयोजकांनी मुद्दाम लोकांना नाचू न देता खुर्च्यांवर बसवलं. नाचघरात वादक कोपऱ्यात वाजवत असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्या दिवशी हजारो लोकांनी आपल्याच शेजाऱ्यांना प्रथमच बसून, लक्ष देऊन ऐकलं. त्यामागच्या मंडळींत फिडलवादक ड्यूई बाल्फा होते. पोटासाठी स्कूल बस चालवणारा हा माणूस १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवायला गेला आणि हजारोंच्या गर्दीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो गाव सोडण्याआधी इथल्या वर्तमानपत्राने ‘असलं संगीत बाहेर नेऊन आपली शोभा कशाला’ असा सूर लावला होता. बाल्फा परत आले ते ही टाळी घरी ऐकू आली पाहिजे, या जिद्दीने.

शनिवार : मामू, यूनिस, आणि रात्री मिशो बंधू

पहाटे उठून मामू गाठलं. लाफायेतपासून तासाभराहून थोडा अधिक रस्ता, सगळा सपाट. मामूत फ्रेड्स लाउंज नावाचा छोटासा बार आहे. तो फक्त शनिवारी सकाळी उघडतो. फ्रेड टेट यांनी तो १९४६ मध्ये घेतला, आणि साठच्या दशकापासून इथून शनिवारचं संगीत रेडिओवर थेट जातं. सकाळी नऊच्या आत माणसांनी खोली भरली होती. मध्ये दोरी बांधून बँडसाठी चौकोन केलेला, बाकी जागा नाचाला. निवेदन फ्रेंचमध्ये, जाहिरातींसकट.

पंचाहत्तरी ओलांडलेली जोडपी उलट्या घड्याळाच्या दिशेने खोलीभर फिरत वॉल्ट्झ नाचत होती. एकालाही दुसऱ्याचा धक्का लागत नव्हता. दादा पायांकडे बघून मात्रा मोजत होता. वॉल्ट्झ त्याने लगेच दादऱ्यात बसवला. टू-स्टेप या दुसऱ्या नाचाला मात्र अडला, कारण केरवा म्हणून ठेका धरला की अ‍ॅकॉर्डियनची ओळ अचानक अर्धी मात्रा आधीच संपते. जुन्या वादकांच्या कितीतरी चाली अशा वाकड्या मापाच्या असतात. गाणाऱ्याचा श्वास संपला की ओळ संपली, आणि नाचणाऱ्यांचे पाय ते जाणतात.

साडेदहाला तिथून निघून यूनिसला आलो, पंधरा-वीस मिनिटांवर. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला साव्हॉय म्युझिक सेंटर हे हिरवट रंगाचं दुकान. मार्क साव्हॉय यांनी ते १९६६ मध्ये उघडलं. ते अ‍ॅकॉर्डियन बनवतात. शनिवारी सकाळी दुकानात जमून वाजवायची इथली रीत कित्येक वर्षांची. ज्याला वाजवता येतं तो बसतो, नवशिका मागच्या रांगेत, आणि ठेक्यासाठी वाजवायचा धातूचा त्रिकोण एका वेळी एकच. तो त्रिकोण पूर्वी गवत ओढायच्या दाताळाचे पोलादी दात वाकवून करायचे. तसा एक मी हातात घेतला, भलताच जड होता. टेबलावर लोकांनी आणलेलं खाणं मांडलेलं. तिकीट नाही, माइक नाही, टाळ्याही फारशा नाहीत.

आमच्या साऱ्या प्रवासात मला सर्वांत जास्त शिकवलं या खोलीने.

केजन अ‍ॅकॉर्डियनला दहाच बटणं. भाता आत ढकलला की एक सूर, बाहेर ओढला की दुसरा, म्हणजे दहा बटणांत वीस सूर. तेही एकाच पट्टीचे, बहुधा सी. वर चार खुंट्या असतात. त्या ओढल्या की सूरपट्ट्यांचे चार संच उघडतात. पेटीचे स्टॉप तसेच, त्यामुळे दादाला ते सांगावं लागलं नाही. वाजताना मात्र त्याने माझा हात दाबला. “गो, ह्यो गंधार आयक. कसो बसलो हा!”

मला फरक कळत होता, पण कारण कळत नव्हतं. शेजारी बसलेल्या एका वृद्ध अ‍ॅकॉर्डियनवादकांनी ते सांगितलं. इथले कारागीर तिसरा सूर मुद्दाम किंचित उतरवून लावतात. पियानोच्या मापाने लावला तर फिडलशी भांडतो, उतरवला की मिसळून जातो. दादाने वहीत लिहून घेतलं. आपल्या पेटीवर शास्त्रीय गायकांची जुनी तक्रार हीच आहे. बारा पट्ट्या समान अंतरावर लावल्या की शुद्ध गंधार चढा लागतो. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली ती त्यावर उपाय म्हणूनच. इथल्या लोकांना तो उपाय अगदी सोपा पडला, कारण वाद्य एकाच पट्टीचं. दुसऱ्या स्वरातून वाजवायचंच नसेल तर गंधार हवा तिथे बसवता येतो.

ते आजोबा भातशेतकरी. फ्रेंच बोलल्याबद्दल शाळेत छडी खाल्लेले. दादा पेटी वाजवतो असं मी सांगितल्यावर त्यांनी आपलं अ‍ॅकॉर्डियन त्याच्या मांडीवर ठेवलं. दादाची बोटं बटणांवर बरोबर पडत होती, पण भाता ढकलताना आणि ओढताना सूर बदलतो याने तो पुन्हा पुन्हा हरवत होता. अर्ध्या तासाने एका वॉल्ट्झची पहिली ओळ निघाली. मागच्या रांगेतल्या फिडलवाल्यांनी लगेच ती उचलली.

मी आजोबांना विचारलं, मिशो बंधूंचं ऐकता का? ते म्हणाले, त्यांच्या बापाला आणि काकांना ऐकलंय, पोरांचंही ऐकतो, आवाज जरा कमी करून. मग हॅकबेरी रॅम्ब्लर्सची हकिकत निघाली. १९३३ च्या सुमारास निघालेला हा बँड केजन चालींत वेस्टर्न स्विंग हे टेक्सासचं नाचाचं संगीत मिसळायचा. गावोगावच्या नाचघरांत वीज नव्हती. म्हणून फिडलवादक लुडेरिन डार्बोन आपली फोर्ड गाडी बाहेर चालू ठेवायचे आणि तिच्या इंजिनावर लाउडस्पीकर चालवायचे. गाणाऱ्यांना त्याआधी गर्दीवर मात करायला घशाच्या शिरा ताणून उंच गावं लागे. माइक आल्यावर तसं गावं लागेना, तरी उंच गायची सवय उरली आणि आज तीच ‘केजन गायकी’ म्हणून ओळखली जाते.

तेव्हापासून या संगीतातलं जुनं-नवं मी उलट दिशेने मोजू लागले. केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका २७ एप्रिल १९२८ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये झाली. जो फाल्कन अ‍ॅकॉर्डियनवर, क्लिओमा ब्रो गिटारवर. गिटार तेव्हा या संगीतात नवीनच. अ‍ॅकॉर्डियनही मुळातलं नाही, एकोणिसाव्या शतकात जर्मनांकडून आलेलं. अकेडियातून निघालेल्या माणसांबरोबर होत्या त्या चाली आणि फिडल. तीसच्या दशकात अ‍ॅकॉर्डियन मागे पडलं, फिडल आणि स्टील गिटार पुढे आले. हॅरी चोट्स यांचं ‘जोल ब्लाँ’ हे या काळाचं सर्वांत गाजलेलं गाणं १९४६ मध्ये आमच्या ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार या रेकॉर्ड कंपनीने काढलं. मग १९४८ मध्ये जवळजवळ अंध असलेल्या आयरी लझूनने अ‍ॅकॉर्डियन घेऊन एक वॉल्ट्झ रेकॉर्ड केला आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांना आपल्या आजोबांचा सूर सापडला. अ‍ॅकॉर्डियन ‘परंपरा’ झालं ते असं, एकदा जाऊन परत आल्यावर.

रात्री गिरार्ड पार्क. ओकच्या झाडांखाली खुर्च्या, रंगमंचासमोर नाचाची जागा. लुई मिशो फिडल घेऊन आला आणि पहिली दोन मिनिटं त्याने दोन तारा एकत्र धरून फक्त एक सलग सूर लावून ठेवला. खालून बासने तो सूर उचलला, जमीन थरथरू लागली. मग आंद्रेचं अ‍ॅकॉर्डियन आत शिरलं आणि सकाळी यूनिसला ऐकलेली वाकडी, अर्ध्या मात्रेने आधी संपणारी ओळ जशीच्या तशी समोर आली. तिच्याभोवतीचं सगळं बदललं होतं. ड्रम कारखान्यासारखे चालत होते, गिटारचा आवाज फाटलेला होता. ओळ हललेली नव्हती.

“आता कळलं,” दादा म्हणाला. त्याचं म्हणणं असं की गंधार तोच आहे, शब्द तेच आहेत आणि ओळ जिथे मोडते तिथेच मोडते. बाकी सगळं साथीचं, आणि साथ दर पिढी बदलते. कोकणातल्या डबलबारीत सिनेमाच्या चाली आल्या तेव्हा जुन्या बुवांनी केवढं रान उठवलं होतं. दादाचा तेव्हाही आणि आजही आक्षेप चालींवर नाही. गजर लोकांच्या तोंडून सुटतो तेव्हा त्याला वाईट वाटतं.

मी त्यात एक भर घालीन. समोर नाचणारे लोक. मिशो बंधूंनी आवाज कितीही चढवला तरी पुढच्या रांगेत मुलं उड्या मारत होती आणि त्यांच्या मागे सकाळच्याच पद्धतीने जोडपी गोल फिरत होती. तिथे पाय अडले असते तर मी हा प्रयोग फसला असं म्हटलं असतं. एकदोन गाण्यांत तसं झालंही, ठोका इतका घट्ट आला की वॉल्ट्झला श्वास घ्यायला जागा राहिली नाही आणि जोडपी बाजूला सरली. पुढच्याच गाण्यात ती परत आत आली.

रविवार : पार्कमध्येच

उशिरा उठलो. सकाळी लेक मार्टिनला जाऊन सायप्रसची झाडं, त्यांना लोंबणारं करडं शेवाळ आणि एक मगरीसारखी अ‍ॅलिगेटर पाहिली. सुंदर जागा आहे, पण मन पार्कात होतं.

दुपारी छोट्या मांडवात वाद्यांवर गप्पांचे कार्यक्रम असतात. बोसोलेयचा विषय निघणारच होता. मायकल डूसे हे आधी रॉक वाजवणारे तरुण. १९७५ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ते म्हाताऱ्या फिडलवादकांच्या घरोघर गेले. डेनिस मगी, कॅनरे फाँतेनो अशांकडे बसून एकेक चाल उतरवून घेतली. काही काळे क्रिओल, काही गोरे केजन. त्यानंतर त्यांनी जॅझ, ब्लूज, कॅरिबियन ठेके असं काय काय मिसळलं. जुनं पूर्ण हातात आल्यावर मग मोडायला सुरुवात केली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ‘लामूर ऊ ला फोली’ या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, आणि २००५ मध्ये डूसे यांना राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप. लॉस्ट बायू रॅम्ब्लर्सनी तोच क्रम पाळला. २००७ चा त्यांचा लाफायेतच्या ब्लू मून सलूनमध्ये रेकॉर्ड केलेला अल्बम ऐकला तर त्यात जवळजवळ सगळं जुन्या वळणाचं आहे. ‘कलेंडा’पर्यंत पोचायला आणखी दहा वर्षं गेली.

न्यू ऑर्लिन्सच्या ऑर्फियम थिएटरात लुइझियाना फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या त्यांच्या मैफलीला २०२४ मध्ये पुन्हा ग्रॅमी मिळालं. तो अल्बम मी आवडीने ऐकते, तरी काही ठिकाणी वाद्यवृंदाची व्हायोलिनं इतकी गुळगुळीत आहेत की लुईच्या फिडलची धार त्यांत झाकते. मला फिडलचा तो खरखरीत कडा हवा असतो.

संध्याकाळी नाचाच्या मांडवात क्रिओल बँड. फ्रोत्वार म्हणजे अंगावर घालायचा पन्हाळी पत्र्याचा अंगरखा, त्यावर चमचे किंवा बाटल्या उघडायच्या चाव्या घासून ठेका धरतात. क्लिफ्टन शेनिए यांनी १९४६ मध्ये विली लँड्री या कारागिराकडून पहिला असा अंगरखा करून घेतला. त्याआधी कपडे धुवायचा पन्हाळी पत्रा हातात धरून वाजवायचे. शेनिए यांचं अ‍ॅकॉर्डियन पियानोच्या पट्ट्यांचं, म्हणजे बाराही सूर हाताशी, म्हणून त्यांचा झायडेको, म्हणजे क्रिओलांचं नाचाचं संगीत, ब्लूजमध्ये सहज शिरला. दादाला हे वाद्य ओळखीचं वाटलं आणि थोडं निराशही करून गेलं. “गंधार परत वर गेलो,” तो म्हणाला. पण ठेक्यावर पाय थांबेनात. एका आजींनी त्याला हाताला धरून नाचायला नेलं. “सर, पावलं छोटी टाका, खांदे हलवू नका,” एवढंच त्या इंग्रजीत सांगत होत्या आणि तो अगदी मन लावून तसं करत होता.

तरुण वादकांत कितीतरी जण आपापसांत फ्रेंच बोलत होते. त्यांच्या आईवडिलांना ती येत नाही. सरकारी शाळांतल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत ती शिकलेली मुलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या फूफोले या बँडमधली मुलंही तिथलीच, शाळकरी वयात स्टेजवर आलेली. मधली पिढी ओलांडून भाषा आजोबांकडून नातवंडांकडे आली, आणि ती आली ते वॉल्ट्झ म्हणता यावेत एवढ्या साध्या ओढीने. मला यात फार मोठी आशा दिसते. अमेरिकेत वाढणाऱ्या आमच्या मुलांना शनिवारच्या मराठी शाळेत आम्ही व्याकरण शिकवतो. गाणं आधी शिकवायला हवं, असं मला त्या मांडवात फार तीव्रतेने वाटलं, आणि आमच्या शाळेत हा विषय मी काढणार आहे.

सोमवार : ओपेलुसासमार्गे घरी

परतताना थोडी वाकडी वाट करून ओपेलुसासला गेलो. तिथल्या पर्यटक केंद्राच्या आवारात आमेदे आर्दुआँ यांचा पुतळा २०१८ मध्ये उभारला आहे. क्रिओल अ‍ॅकॉर्डियनवादक, उंच, रडवेल्या आवाजाचा गायक. ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी डेनिस मगींबरोबर पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं. काळा अ‍ॅकॉर्डियनवाला आणि गोरा फिडलवाला, त्या काळच्या दक्षिणेत एका माइकसमोर. १९३४ पर्यंत त्यांनी ३४ गाणी रेकॉर्ड केली. पुढे, लोक सांगतात, एका नाचाच्या रात्री गोऱ्या बाईने घाम पुसायला दिलेला रुमाल त्यांनी घेतला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली आणि ते त्यातून सावरले नाहीत. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

आज ज्याला गोऱ्या केजनांचं पारंपरिक संगीत म्हणतात त्याच्या कितीतरी चाली या माणसाच्या. आयरी लझूनने त्यांच्याकडून घेतल्या, लझूनकडून पुढच्या सगळ्यांनी. शनिवारी यूनिसला दादाने अर्ध्या तासात काढलेली ओळही त्याच घराण्यातली, असं आजोबांनी सांगितलं होतं. मिसळ आत्ता, पेडल आणि ड्रम आल्यावर सुरू झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी ही ३४ गाणी ऐकावीत. त्यांतल्या एकाही गाण्यात काळं कुठे संपतं आणि गोरं कुठे सुरू होतं, हे मला सांगता येणार नाही.

किंडरहून इंटरस्टेटला लागेपर्यंत गाडीत आर्दुआँच लावले होते. जुन्या तबकड्यांची खरखर आहे, पण गंधार स्वच्छ ऐकू येतो. दादाचा हिशेब चालू होता. मंडळाच्या नव्या पेटीला हात लावून चालणार नाही, तिच्यावर पाच-सहा जण गातात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. घरी आमच्या आजोबांची जुनी पेटी पडून आहे, ती एकट्या मोठ्या बुवांच्या काळी पाचसाठीच बाहेर निघते. तिच्या त्या एका पट्टीतला गंधार कानस मारून किती उतरवायचा, हे त्याने लेक चार्ल्सच्या अलीकडेच कुडाळच्या कारागिराला फोन करून विचारलं. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. कारागीर आधी रागावला, मग म्हणाला, पेटी घेऊन ये, दोघं बसून लावू.